टोकदार कानांची चौकशी

पूर्वग्रह हा मुळात आळशी मनाचा उद्योग असल्यामुळे पुराव्यासाठी लांब जाणे त्याला परवडत नाही. समोरच्याची कातडी, नाक, टोपी, आडनाव यांपैकी जे चटकन हाती लागेल त्यावर तो आपले भागवतो आणि यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तर कानांवरही समाधान मानतो. केवळ कानांच्या आकारावर उभ्या राहिलेल्या पूर्वग्रहाची सर्वांत सविस्तर नोंद मात्र कोणा समाजशास्त्रज्ञाने केलेली नसून ती १५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी या दूरचित्रवाहिनीने, मध्ये मध्ये जाहिराती दाखवत, सुमारे पन्नास मिनिटांत उरकली. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा-मालिकेच्या त्या भागाचे नाव 'बॅलन्स ऑफ टेरर', अर्थात दहशतीचा समतोल, असे आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही एकमेकांची राखरांगोळी करता येईल एवढी अण्वस्त्रे साठवल्यामुळे पहिला हात उचलण्यास कोणीच धजत नाही, या अवघडलेल्या शांततेला त्या काळच्या मुत्सद्द्यांनी दिलेले ते भारदस्त नाव होते, आणि क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून १९६२ च्या ऑक्टोबरात सारे जग जीव मुठीत धरून बसले होते त्याला जेमतेम चार वर्षे झालेली असल्याने प्रेक्षकांना ते समजावून सांगण्याची गरज नव्हती.

जमिनीवर इतका मुबलक पूर्वग्रह उपलब्ध असताना तो पाहण्यासाठी अवकाशात कशाला जायचे, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल. त्याचे उत्तर अवकाशात नसून जाहिरातदाराच्या कचेरीत आहे. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी असलेल्या दोघा गोऱ्यांना ज्यूरीने, म्हणजे नागरिकांमधून निवडलेल्या पंचांनी, निर्दोष सोडले. या प्रकरणाच्या आधाराने रॉड सर्लिंग या लेखकाने 'नून ऑन डूम्सडे' हे दूरचित्रवाणी-नाट्य लिहिले, तेव्हा प्रायोजकांच्या आग्रहाने बळी पडणारा मनुष्य कृष्णवर्णीय राहिला नाही, तो कुठलासा परदेशी झाला. गाव दक्षिणेतून उचलून थेट ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेऊन ठेवण्यात आले. आणि एवढ्यानेही दक्षिणेचा संशय येऊ नये म्हणून दृश्यातली कोका-कोलाची बाटलीदेखील हटवण्यात आली, कारण ते पेय दक्षिणेचे म्हणून ओळखले जाई. एका बाटलीला प्रादेशिक अस्मिता असते हा शोध साहित्यविचारात तसा नवाच म्हणायला हवा. सर्लिंगने त्यातून घेतलेला धडा व्यवहारी होता: जे वाक्य अमेरिकन नागरिकाच्या तोंडी घातल्यास प्रायोजकाला घाम फुटतो, तेच मंगळवासीयाच्या तोंडी घातल्यास त्याच्या ते लक्षातही येत नाही. १९५९ मध्ये त्याने 'द ट्वायलाइट झोन' ही अद्भुत कथांची मालिका सुरू केली, आणि तेव्हापासून परग्रहवासीयांनी अमेरिकेची बरीच धुणी धुतली.

जीन रॉडनबेरी याने १९६६ च्या सप्टेंबरात सुरू केलेल्या 'स्टार ट्रेक'मध्ये हे काम मुख्यत्वे स्पॉक या पात्राकडे होते. स्पॉक हा एंटरप्राइझ या अवकाशयानावरचा विज्ञान-अधिकारी, आई पृथ्वीवरची, वडील व्हल्कन नावाच्या ग्रहावरचे. व्हल्कन लोक भावनांना थारा देत नाहीत, सर्वस्वी तर्काने चालतात, आणि त्यांचे कान वरच्या बाजूस टोकदार असतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना एनबीसीची हरकत नव्हती. कानांना मात्र होती. टोकदार कान आणि तिरप्या भुवया पाहून भाविक प्रेक्षकांना सैतानाची आठवण होईल आणि ते दुसऱ्या वाहिनीकडे वळतील, या भीतीने विक्री विभागाने जाहिरातदारांसाठी छापलेल्या माहितीपुस्तिकेत स्पॉकच्या छायाचित्रावर रंगफवारा फिरवून त्याचे कान आणि भुवया माणसासारख्या करून टाकल्या. विश्वबंधुत्वाचा संदेश देऊ पाहणारी मालिका अशा प्रकारे आपल्याच नायकाचे कान लपवून बाजारात उतरली, आणि पूर्वग्रह नि गुपित यांचे नाते काय असते, यावरचा पहिला पाठ एकही भाग प्रसारित होण्याआधीच पूर्ण झाला. पुढे हेच कान लोकांना इतके आवडले की त्याच वाहिनीला पडद्यावर स्पॉक जास्त हवासा झाला. पण पुस्तिका छापून झाली होती.

खुद्द ते कान वागवणारा लेनर्ड निमॉय हाही सुरुवातीला खूश नव्हता. युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईवडिलांचा, बॉस्टनमध्ये वाढलेला हा नट वेगळे दिसणे म्हणजे काय ते चांगलेच जाणून होता. रबरी कानांमुळे आपले हसे होईल अशी त्याला धास्ती होती. तेरा भागांनंतरही कान नकोसे वाटले तर स्पॉकच्या कानांवर शस्त्रक्रिया होते असा एक भागच लिहू, असे रॉडनबेरीने त्याला सांगितल्याची आठवण निमॉयने नमूद केली आहे. तेरा भाग झाले, शस्त्रक्रिया झाली नाही, आणि प्रसारणक्रमाने चौदावा भाग आला तो हाच, ज्यात त्या कानांवरून स्पॉकला थेट देशद्रोहाच्या संशयापर्यंत नेऊन सोडले आहे.

पॉल श्नायडर याने लिहिलेल्या आणि व्हिन्सेंट मॅकएव्हिटी याने दिग्दर्शित केलेल्या या भागाची कथा अशी की, शंभर वर्षांपूर्वी पृथ्वीचे रॉम्युलन नावाच्या लोकांशी घनघोर युद्ध झाले, ते एका तहाने संपले आणि दोघांमध्ये एक तटस्थ पट्टा, म्हणजे कोणीच पाऊल ठेवायचे नाही असा प्रदेश, आखण्यात आला. त्या युद्धात पडद्यावरून समोरासमोर बोलण्याची सोय नव्हती आणि तहही संदेशयंत्रणेवरूनच ठरला, त्यामुळे लाखो मैलांवरून एकमेकांना ठार मारणाऱ्या या दोन्ही पक्षांनी एकमेकांचे तोंड कधीच पाहिलेले नव्हते. केवळ पत्रिकेवरून ठरलेल्या आणि अंतरपाट मात्र कधीच न सरलेल्या सोयरिकीसारखा हा तह शतकभर टिकला, किंबहुना अंतरपाट न सरल्यामुळेच टिकला. शत्रूचा चेहरा ठाऊक नसला की त्याचा द्वेष सर्वांना सारखा वाटून घेता येतो. कोणाच्या वाट्याला कमी नाही, कोणाच्या वाट्याला जास्त नाही.

हा अंतरपाट दूर होतो तो क्षण या भागाचा प्राण आहे. सीमेवरची पृथ्वीची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त होत असतात, हल्ला करणारे रॉम्युलन यान अदृश्य होऊ शकते हे कळते, आणि त्याचा माग काढत असताना स्पॉकच्याच कौशल्यामुळे त्या यानाच्या नियंत्रणकक्षाचे चित्र एंटरप्राइझच्या पडद्यावर येते. समोर शत्रूचा सेनापती दिसतो: करारी चेहरा, तिरप्या भुवया आणि टोकदार कान. कोणी काही बोलत नाही. दिशादर्शनाचे काम पाहणारा लेफ्टनंट स्टाइल्स आपल्या आसनावरून मान वळवतो आणि पडद्याकडे नव्हे, स्पॉककडे पाहतो. शंभर वर्षे ज्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता असा शत्रू समोर प्रकटला असताना त्याच्याकडे पाहायचे सोडून आपल्या शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहणे, हे पूर्वग्रहाचे इतके अचूक चित्रण आहे की त्यासाठी एकही संवाद लागलेला नाही.

स्टाइल्सची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्याच्या घराण्यातले बरेच जण त्या जुन्या युद्धात कामी आले होते, आणि ही यादी तो वतनदाराने सनद दाखवावी तशा थाटात कप्तान जेम्स कर्कपुढे ठेवतो. कर्क त्याला सुनावतो की ते युद्ध त्यांचे होते, तुझे नव्हे. परंतु वारसाहक्काने मिळालेल्या वैराची मौज अशी की त्यात आपण स्वतः काहीच गमावलेले नसते आणि तरी वसुलीचा पूर्ण हक्क असतो. पकडलेला रॉम्युलन संदेश सांकेतिक भाषेत आहे, त्याची उकल व्हायला हवी, असा विषय निघताच स्टाइल्स पुटपुटतो की तो स्पॉकलाच द्यावा. कर्क खुर्ची फिरवून ते वाक्य पुन्हा उच्चारायला लावतो आणि बजावतो, त्याचा आशय असा: तुझे पूर्वग्रह तुझ्या राहत्या खोलीत ठेव, नियंत्रणकक्षात त्यांना जागा नाही. या आदेशाची आजवर मोठी प्रशंसा झालेली आहे आणि ती रास्तच आहे. मात्र तो बारकाईने वाचणाऱ्यास असे दिसेल की कप्तानाने पूर्वग्रहावर बंदी घातलेली नाही, त्याच्या साठवणुकीची जागा फक्त ठरवून दिली आहे. कामावर येताना तो घरी ठेवून यावा आणि सुटी झाल्यावर हवा तर पुन्हा अंगावर चढवावा, हे धोरण तेविसाव्या शतकातल्या अवकाशयानाचे म्हणून दाखवले असले तरी विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या पुष्कळ प्रतिष्ठित संस्थांनी ते मुदतीपूर्वीच अमलात आणलेले आढळते.

पुढची गंमत तर्कशास्त्राची आहे. स्टाइल्सचे म्हणणे असते की शत्रूच्या यानावर ताबडतोब हल्ला करावा, आणि त्याची खात्री असते की स्पॉक आपल्या भाऊबंदांना वाचवण्यासाठी याला विरोध करील. स्पॉक शांतपणे उठून हल्ल्याला पाठिंबा देतो. कारण रॉम्युलन हे व्हल्कनांचीच दुरावलेली शाखा असण्याची शक्यता त्याला दिसते, प्राचीन व्हल्कन अत्यंत युद्धखोर होते हे त्याला माहीत असते, आणि तो स्वभाव यांच्यात टिकून असेल तर दुबळेपणा दाखवणे घातक ठरेल, असे त्याचे अनुमान असते. म्हणजे ज्याच्यावर शत्रूचा नातलग असल्याचा आरोप, तोच नाते मान्य करतो आणि त्या नात्याच्याच आधारे फिर्यादीच्या सूचनेला अनुमोदन देतो. अशा परिस्थितीत सामान्य माणूस संशय मागे घेईल. स्टाइल्स घेत नाही. संशयिताचे वर्तन प्रतिकूल असेल तर तो गुन्हेगार आणि अनुकूल असेल तर अधिक धूर्त गुन्हेगार, हे सूत्र त्याला कोणी शिकवलेले नसते, पण ते न शिकता येते.

या भागाची रचना १९५७ च्या 'द एनिमी बिलो' या पाणबुडीपटावरून बेतलेली आहे, आणि पाणबुडीची कथा अवकाशात नेताना तिच्याबरोबर पाण्यातल्या सवयीही गेल्या. दोन्ही याने यंत्रे बंद करून एकमेकांचा अदमास घेत निश्चल थांबतात, आणि त्या अवधीत एंटरप्राइझवरचे वातावरण असे असते की जोरात शिंकले तर शत्रूला ऐकू जाईल. समुद्रात पाण्यातून ध्वनी दूरवर जातो म्हणून पाणबुडीतला खलाशी दबक्या आवाजात बोलतो. अवकाशात ध्वनी वाहून न्यायला हवाही नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे तिथे शत्रूचे कान कितीही टोकदार असले तरी निरुपयोगीच. भौतिकशास्त्राचा इतका उघड नियम एवढ्या विद्वान अधिकाऱ्यांपैकी एकालाही आठवू नये, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही; घरात कोणी भेदी आहे असे एकदा वाटू लागले की भिंतींना कान फुटतातच, मग भिंतीबाहेर निर्वात पोकळी का असेना.

भेदी असण्याची शंकाही स्टाइल्सच जाहीरपणे बोलून दाखवतो: यानावर रॉम्युलन हेर असू शकतील. या ठिकाणी, हसता हसता प्रेक्षकाने थबकावे असे एक लहानसे वाक्य येते. शेजारी बसलेला अधिकारी सुलू त्या शंकेला दुजोरा देतो आणि सर्व मजल्यांवर पहारा कडक ठेवण्याची शिफारस करतो. सुलूचे काम करणारा जॉर्ज ताकेई हा जपानी वंशाचा अमेरिकन नागरिक. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला, त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन असूनही, घरातून उचलून छावण्यांत कोंडले गेले, आणि या संभाव्य हेरांमध्ये पाच वर्षांचा ताकेई होता. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचा तबेला, मग आर्कान्सॉमधील रोअर येथील छावणी, मग कॅलिफोर्नियातील ट्यूल लेक, असे त्याचे बालपण गेले. चेहऱ्यावरून हेर ठरवण्याच्या त्या हिशेबाबद्दल सरकारने रीतसर माफी मागितली ती १९८८ मध्ये. १९६६ साली मात्र त्याच ताकेईच्या तोंडी, यानावर हेर असू शकतात या मताला होकार आला, आणि तो त्याने एखाद्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला शोभेल अशा चोख स्वरात दिला. श्नायडरने हे जाणून लिहिले की सहज, हा प्रश्न टीकाकारांनी सोडवावा. जाणून लिहिले असेल तर ते भेदक आहे, आणि सहज लिहिले असेल तर अधिक भेदक.

कथेच्या अखेरीस शस्त्रकक्षात विषारी वायूची गळती होते. तिथे थोड्याच वेळापूर्वी स्पॉकने मदत देऊ केलेली असते आणि स्टाइल्सने 'व्हल्कन' हा शब्द शिवीसारखा वापरून ती झिडकारलेली असते. स्पॉक धावत परत येतो, शस्त्रे डागतो, स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो. टॉमलिन्सन हा तरुण, ज्याचे त्याच सकाळी लग्न लागता लागता राहिलेले असते, तो मात्र मरतो. रुग्णशय्येवरचा स्टाइल्स खजील होऊन कबुली देतो की आपण इतके बोलूनही याने आपला जीव वाचवला. कोणत्याही सुसंस्कृत कथेत या ठिकाणी गळाभेट व्हायला हवी. स्पॉक सांगतो की आपण एका प्रशिक्षित दिशादर्शकाला वाचवले, जेणेकरून तो पुन्हा कामावर रुजू होईल. याहून वेगळी भावना आपल्याला शक्य नाही. पूर्वग्रह सोडायला तयार झालेल्या माणसाला त्याबद्दल शाबासकी मिळण्याची सुप्त अपेक्षा असते, आणि ती इतक्या कोरडेपणाने नाकारणारा प्रसंग सद्भावनेच्या वाङ्मयात दुर्मीळ आहे.

येथवर लेखकाचे काम झाले. त्यापुढचे रंगभूषा विभागाचे. टोकदार कान चिकटवणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम असल्यामुळे रॉम्युलन यानावरच्या मोजक्या मानकऱ्यांनाच ते देण्यात आले आणि बाकीच्या शिपायांना कान झाकणारी शिरस्त्राणे घालण्यात आली; रोमन थाटामुळे ती शोभूनही दिसली. पुढे मालिकेला वारंवार शत्रू लागू लागले तेव्हा हा खर्च पुन्हा आड आला आणि १९६७ च्या मार्चपासून क्लिंगॉन नावाच्या नव्या शत्रूंची नेमणूक झाली, ज्यांना कान लागत नसत. तपकिरी रंगाचा हात, मिशा-दाढी आणि चढवलेल्या भुवया एवढ्यावर क्लिंगॉन तयार होई. कानांवरून माणूस ओळखू नये असे सांगणाऱ्या मालिकेने काटकसरीपोटी तो कातडीच्या रंगावरून ओळखण्याची सोय केली, आणि हे करताना कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, ही गोष्ट तिच्या बचावासाठी नव्हे तर अभ्यासासाठी नोंदवून ठेवण्याजोगी आहे. रंग स्वस्त होता, एवढेच.

पंचवीस वर्षांनी कानांचे प्रकरण पुन्हा उघडले. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या पिढीच्या मालिकेतला 'द ड्रमहेड' हा भाग २९ एप्रिल १९९१ रोजी प्रसारित झाला, रणांगणावर नगारा पालथा घालून त्यालाच मेज मानत उभ्या उभ्या निकाल देणाऱ्या लष्करी न्यायालयावरून हे नाव आले आहे. लेखिका जेरी टेलर, दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स, आणि निर्मितीमागचे कारण पुन्हा काटकसर: हंगामाचे पैसे संपत आले होते, जुन्या भागांचे तुकडे जोडून एक भाग उरकावा असे सुचवले गेले होते, त्याऐवजी नवे नेपथ्य नाही, चमत्कारिक दृश्ये नाहीत, एका खोलीत केवळ माणसांना प्रश्न विचारायचे, असा हा भाग काढण्यात आला आणि तो अंदाजपत्रकाच्या आत बसला. चौकशी हा जगातला सर्वांत स्वस्त नाट्यप्रकार आहे, हे राजकारणाने दूरचित्रवाणीच्या आधीच ओळखले होते.

यानाच्या इंजिनात स्फोट होतो. त्याच सुमारास एक क्लिंगॉन पाहुणा अधिकारी गुप्त माहिती चोरताना सापडतो, आणि तीही इंजेक्शनच्या उपकरणातून, प्रथिनांच्या साखळीत गुंफून माणसाच्या रक्तात लपवलेली. गुपित रक्तात असते हे अशा रीतीने प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावर चौकशीसाठी आलेल्या निवृत्त नौसेनापती नोरा सेटी इतरांचे रक्त तपासू लागतात. सायमन टार्सिस हा दवाखान्यातला पोरसवदा कर्मचारी त्यांच्या तावडीत सापडतो. त्याचे कान किंचित टोकदार. आजोबा व्हल्कन होते, असे त्याने नोकरीच्या अर्जात लिहिलेले. आजोबा प्रत्यक्षात रॉम्युलन होते. म्हणजे कान तोच, टोक तेच, आणि त्याच्यामागे आजोबा या गावचे की त्या गावचे एवढ्यावरून मनुष्य सज्जन की घातपाती हे ठरायचे. टार्सिस उत्तर द्यायला नकार देतो आणि ते मौन हाच पुरावा ठरतो. त्याने खोटे का लिहिले, हे विचारायची कोणालाच निकड वाटत नाही, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्यांकडेच निघाले असते: खरे लिहिले असते तर तो त्या खोलीत आरोपी म्हणून बसण्याइतकाही पुढे आला नसता. आधी खरे सांगणे अशक्य करून ठेवायचे आणि मग लपवल्याबद्दल शिक्षा करायची, या कारखान्यात कच्चा माल आणि पक्का माल एकच असल्याने तो कधीही बंद पडत नाही.

स्फोटाचे काय झाले, असे विचारणाऱ्या वाचकासाठी सांगायचे तर तो घातपात नव्हताच. झडपेच्या कवचाचा धातू झिजला होता. हे चौकशीच्या मध्यावरच सिद्ध होते, परंतु सुरू झालेली चौकशी कारण संपले म्हणून थांबत नसते. सेनेटर जोसेफ मॅकार्थी याने १९५० च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचे जाहीर केले, त्यातला आकडा पुढच्या भाषणांत बदलत राहिला आणि त्या हातातली यादी कोणाला वाचायला मिळाली नाही, तरी त्याचा दबदबा चार वर्षे टिकला. सेटीबाईंचाही आकडा वाढत जातो. चौकशीत हिरिरीने मदत करणाऱ्या वॉर्फ या अधिकाऱ्याला ऐन वेळी त्याच्या बापाच्या कथित फितुरीची आठवण करून दिली जाते, आणि अखेरीस कप्तान पिकार्डच आरोपीच्या खुर्चीत येतो. तो बाईंच्या दिवंगत न्यायाधीश पित्याचेच स्वातंत्र्यविषयक विचार त्यांना ऐकवतो, बाईंचा तोल जातो, त्या सर्वांसमक्ष आरडाओरडा करतात, आणि बघायला आलेले वरिष्ठ एक शब्दही न बोलता उठून चालते होतात. मॅकार्थीचाही कडेलोट १९५४ मध्ये असाच, थेट प्रक्षेपणात झाला होता.

सेटीबाईंचे काम जीन सिमन्स या नामवंत ब्रिटिश अभिनेत्रीने केले आहे, आणि तिच्याबाबत भारतीय वाचकाने एक जुना दाखला पाहून ठेवण्यासारखा आहे. १९४७ च्या 'ब्लॅक नार्सिसस' या इंग्रजी चित्रपटात, हिमालयातल्या एका गावची कांची नावाची भारतीय मुलगी म्हणून, अंगाला तपकिरी रंग फासून वावरणारी तरुणी ती हीच. दुसऱ्याच्या वंशाची अशी रंगीत तालीम झालेल्या अभिनेत्रीकडे वंशशुद्धीची चौकशी सोपवली गेली, हा योगायोग निर्मात्यांच्या ध्यानात आला असो वा नसो, पात्रनिवड निर्दोष होती.

पात्रनिवडीचाच विषय निघाला आहे तेव्हा एक बाकी चुकती करून टाकावी. 'बॅलन्स ऑफ टेरर'मधल्या रॉम्युलन सेनापतीचे काम मार्क लेनार्ड या नटाने इतके रुबाबदार केले की निर्मात्यांनी त्याला पुन्हा बोलावले. १७ नोव्हेंबर १९६७ रोजी प्रसारित झालेल्या 'जर्नी टू बॅबल' या भागात स्पॉकचे वडील, व्हल्कन राजदूत सारेक, प्रथमच पडद्यावर आले, आणि ते लेनार्डच होते. तोच चेहरा आणि तेच कान. कर्कच्या यानावर या वेळी त्यांचे स्वागत गणवेषातल्या मानवंदनेने झाले. १९७९ च्या चित्रपटात हाच नट क्लिंगॉन कप्तानही झाला. शत्रूचा सेनापती स्पॉकचा जवळचा नातलग असावा हा लेफ्टनंट स्टाइल्सचा संशय अशा रीतीने अकरा महिन्यांत खरा ठरला, पण तो मांडणारा स्टाइल्स त्या एका भागानंतर मालिकेत पुन्हा दिसला नाही.